आठ बाय आठ

प्लंबर आला तो मंगळवार होता.
न्हाणीची फरशी फोडावी लागेल म्हणाला, खालचा पाइप सडलाय.
बाबा स्टुलावर बसले होते, कानात यंत्र नव्हतं,
तरी त्यांना 'फोडावी' बरोब्बर ऐकू आलं.
फोड, म्हणाले. पण राडा बाहेर टाकायचा नाही.

ती फरशी बाबांनीच घातलेली,
गिरणीच्या हिशेबाचे पैसे आले त्यानंतर चौथ्या वर्षी.
हिशेब म्हणजे काय, एकोणीस वर्षांच्या रात्रपाळ्या
एका पिवळ्या पाकिटात.
लश्करातल्या बाकीच्यांनी दुकानं टाकली, टेम्पो घेतले,
कापसेकाका दाल बाजारात मुनीम झाले.
बाबांनी पन्न्याला जाऊन जमीन घेतली.
घेतली म्हणजे पट्ट्यावर. आठ मीटर बाय आठ मीटर.
आपल्या घराएवढीच, म्हणाले आईला,
फक्त खाली जायचं.

ग्वाल्हेरहून झाशी, मग छतरपूरची बस, मग आणखी एक बस.
जाताना गजकचे चार डबे, मजुरांसाठी.
येताना नखांत लाल माती
आणि नवे शब्द.

आधी वरची माती काढायची, ती कुणाचीच नाही.
मग मुरूम. मग दगड, पहारीतून खांद्यापर्यंत झिणझिण्या आणणारा.
एक पुरुष खोल, दीड पुरुष,
आणि मग चाल:
खडीचा तो थर, ज्यात असलाच तर असतो.
चाल पाण्यात टाकून पायांनी तुडवायची,
चाळणीत हेलकावून गाळ सोडून द्यायचा,
सारवल्या खळ्यावर पसरून उन्हाला द्यायची.
मग उकिडवं बसून तळहाताने
डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे.

"हे तर मी रोज करते," आई म्हणाली, तांदूळ निवडता निवडता.
"तू खडा फेकतेस," बाबा म्हणाले.
"तुम्ही काय ठेवलंत?"

ठेवायचं नसतंच ते.
दुसऱ्या हिवाळ्यात, संक्रांत होऊन गेल्यावर,
सुखरानी नावाच्या बाईच्या बोटांखाली तो आला.
चमकला वगैरे नाही, बाबा सांगतात.
साबणाच्या झिजल्या तुकड्यासारखा दिसला,
पण भोवतीचं सगळं वाळलं तरी तो ओलाच वाटत राहिला.
रुमालात बांधून त्याच दुपारी हिरा कार्यालयात.
काट्यावर एक्क्याऐंशी सेंट. रंग: मैला.
लिलाव, सरकारचा वाटा, भागीदाराचा वाटा, डिझेलची उधारी.
सुखरानीला लुगडं.
आमच्याकडे पावती आली,
अजून रेशनकार्डाच्या घडीत आहे.
आई आणि मी, आम्ही हिरा तेवढाच पाहिला.

तिसऱ्या हिवाळ्यात काहीच नाही.
पट्टा संपला की खड्डा बुजवून द्यावा लागतो. त्यांनी दिला.
उरलेली चाल, सहा पोती, धुतलेली पण न निवडलेली,
ट्रकवाल्याच्या हातापाया पडून घरी आणली
आणि तशीच सिमेंटात कालवली.
का, ते आईने विचारलं नाही.
वीसेक वर्षं आम्ही तिच्यावर पाणी ओतलं.

छिन्नी बसली. पहिला ढलपा निघाला.
बाबांनी ताट मागितलं, आईचं, तांदळाचं.
आई गेल्यापासून ते फळीवर पालथं आहे,
आता तांदूळ निवडलेलाच येतो, पिशवीत.
काढलं, पुसलं.
शकील प्लंबर घड्याळ बघत होता,
त्याला किलागेटला जायचं होतं अजून.
मग बाबांनी त्याला सांगितलं सिमेंटात काय आहे,
आणि तो हातोडी हलकी मारू लागला.

साडेअकराला न्हाणीच्या खिडकीत ऊन येतं.
मी आणि शकील उकिडवे,
बाबा स्टुलावरून: डावीकडून. उजवीकडे.
गार, गार, सिमेंट, गार.
शकीलने एक खडा उजेडाकडे धरला.
"आधी वाळू दे," बाबा म्हणाले.

नळ जायची वेळ झाली होती, टाकी भरायची होती.
खडा ताटाच्या मधोमध ठेवून
आम्ही तो वाळायची वाट बघत बसलो.